टेट्रासायक्लिनची साक्ष
१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला, तेव्हा आम्ही उधन्यात राहत होतो. टेट्रासायक्लिनची एकच पट्टी मिळाली. घरच्यांना दिली, शेजारच्या भाऊंना ‘नाही मिळाली’ म्हणालो. औषधानेच वाचलो, असे पुढे वर्षानुवर्षे सांगत आलो. टेट्रासायक्लिन प्लेगवर चालते, हे खरेच. पण भाऊही वाचले, गोळीविना! लाखोंच्या त्या शहरात दगावले पन्नासच्या आसपास.

संख्याशास्त्रातले पी-मूल्य विचारते : औषध कुचकामी असते, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने कितीदा दिसला असता? औषध कुचकामी असण्याची शक्यता ते सांगत नाही, ०.०५ चा आकडा पाहून शिकलेलेही इथे फसतात. माझ्यापाशी तर तुलनेला एकच माणूस होता, आणि त्याच्याशी मी खोटे बोललो होतो.