ड्रॅक्युलासमोर शेरलॉक होम्स

१९७८ साली दोन अमेरिकी लेखकांनी एकाच कल्पनेवर कादंबऱ्या लिहिल्या. लॉरेन एस्टलमन यांनी ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’च्या घटनाक्रमातच शेरलॉक होम्सला उतरवलं. फ्रेड सेबरहेगन यांनी कथेचा काही भाग वॉटसनच्या, तर काही खुद्द ड्रॅक्युलाच्या तोंडी दिला. ही जोडी पुढेही पुन्हा पुन्हा आमनेसामने येत राहिली. वाचकाला तिचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. पण पुराव्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या माणसापुढे खरोखरचं पिशाच्च उभं केलं, तर त्याच्या बुद्धीला काय काम उरतं?

आक्षेप जुना आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यांत अलौकिक शक्तींना सरळ मज्जाव केला. गुन्हेगार भिंतीतून आरपार जाऊ लागला, तर बंद खोलीच्या कोड्याला अर्थ उरत नाही आणि सोबतीनं विचार करणारा वाचक फसवला जातो. हा झाला कलेचा मुद्दा. मला त्याहून मोठा मुद्दा माणुसकीचा वाटतो, आणि तो कॉनन डॉयल यांच्याच एका कथेत आहे.

१९२४ साली प्रसिद्ध झालेली ‘ससेक्स व्हॅम्पायर’ ही ती कथा. फर्ग्युसन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याची दुसरी बायको पेरूची. ती आपल्याच तान्ह्या बाळाच्या मानेवर ओणवलेली दिसते; तिच्या ओठांना रक्त लागलेलं असतं. परदेशी बाई, रक्ताळलेले ओठ. घराचा निकाल जवळपास लागलेलाच असतो. होम्स मात्र त्या घरात दुसऱ्याच गोष्टी पाहतो. भिंतीवर दक्षिण अमेरिकेतली हत्यारं टांगलेली आहेत, त्यांत पाखरं मारण्याच्या छोट्या धनुष्याशेजारचा भाता रिकामा आहे. घरातला कुत्रा अलीकडेच अचानक लुळा पडला आहे. बाप बाळाला कुरवाळत असताना खिडकीच्या काचेत पहिल्या बायकोच्या पंधरा वर्षांच्या मुलाचा चेहरा उमटतो आणि त्यावर निखळ द्वेष असतो. विषारी बाण त्यानं टोचला होता, आधी कुत्र्यावर त्याची परीक्षा घेतली होती. आई ते विष चोखून काढत होती. नवऱ्याचं मन मोडेल म्हणून ती गप्प राहिली होती.

पिशाच्चावर विश्वास ठेवला असता, तर बाळाचा जीव वाचवणारी बाईच बाळाची वैरीण ठरली असती. विशेष म्हणजे डॉयल तेव्हा परलोकविद्येचे उघड प्रचारक होते. १९२२ मध्ये त्यांनी पऱ्यांच्या अस्तित्वाची बाजू घेणारं पुस्तकही लिहिलं होतं. तरीही आपली श्रद्धा त्यांनी या कथेत होम्सवर लादली नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर मूल दगावलं की एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार घडत आले आहेत. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्यामागे अशाच जखमा होत्या. भूत आहे असं घाईनं मान्य केलं की त्याची किंमत बहुतेक वेळा एखाद्या निरपराध माणसाला मोजावी लागते.

मग होम्सनं ड्रॅक्युलाच्या वाटेला जाऊच नये का? जरूर जावं. १८९७ ची ‘ड्रॅक्युला’ नीट वाचली, तर तिच्यातच एक उत्तम तपास सापडतो. काऊंटला विसाव्यासाठी मायदेशाची माती लागते, म्हणून त्यानं मातीच्या पन्नास पेट्या लंडनला आणल्या. त्याचा पाठलाग करणारी मंडळी कागदपत्रं चाळतात, हमालांना गाठतात, हिशेब जुळवतात. एकोणतीस पेट्या कारफॅक्सला, सहा चिकसँड स्ट्रीटला, सहा बरमंडसीला, नऊ पिकॅडिलीला. पिकॅडिलीच्या घरात मात्र आठच सापडतात, आणि काऊंटनं पळून जाण्यासाठी वापरलेली ती एक पेटी पुढच्या सगळ्या शोधाचा धागा बनते. सगळ्यांच्या डायऱ्या टाइप करून तारखांप्रमाणे लावते मिना हार्कर. काऊंट नदीमार्गे परतणार हे अनुमानही तिचंच. लसूण आणि क्रूस होतेच, पण ड्रॅक्युलाचा माग लागला तो नोंदी, पावत्या आणि वेळापत्रकांमुळे.

म्हणून पिशाच्च खोटं असो की कथेपुरतं खरं, तपासाचं काम बदलत नाही. आपल्याकडे नारायण धारपांचे ‘समर्थ’ अमानवी शक्तींशी झुंजतात. तिथे त्या शक्ती खऱ्या आहेत हे गृहीतच असतं आणि त्या जगात ते शोभून दिसतं. होम्सला समर्थ बनवलं, तर दोघांवरही अन्याय होईल. होम्सनं आधी शंका घ्यावी, नैसर्गिक कारणं एकेक तपासून बाद करावीत, आणि अखेर पिशाच्च मानावंच लागलं, तर त्याचे नियम वाचकाला वेळेवर कळावेत. तिसऱ्याच प्रकरणात क्रूस हाती घेणारा होम्स हा नावापुरता होम्स.

मराठीतही कोणी लेखक एखाद्या गुप्तहेराची गाठ वेताळाशी घालून देईल, आणि ते मला वाचायला नक्की आवडेल. त्या लेखकाला एवढंच सांगणं आहे: वेताळ हवा तेवढा भयंकर रंगवा, पण पुरावा हाती येईपर्यंत तुमच्या गुप्तहेराला कोणावरही बोट ठेवू देऊ नका.