आमच्यानंतर याचं कोण?

स्वमग्न मुलाच्या आईबापांना छळणारा प्रश्न वय, जात, पगार काहीही असो, एकच असतो: आमच्यानंतर याचं कोण? प्रश्न अनादी वाटतो, पण तसा तो नाही. आताच्या नवी मुंबईतल्या करावे गावात दोन पिढ्यांपूर्वी तो फारसा कुणी विचारला नसता. खाडीची मासेमारी, भातशेती, मिठागरं आणि एका चुलीवर जेवणारं मोठं खटलं. त्यात एखादा न बोलणारा, ओटीवर बसून तासन् तास डुलणारा मुलगा असला तर तो घरातच वाढायचा, घरातच म्हातारा व्हायचा. ‘पोऱ्या देवाचा हाय,’ म्हणून विषय मिटायचा. त्याला काही शिकवावं असं कुणाच्या डोक्यात यायचं नाही, हे खरं. पण त्याच्या ताटाची चिंता नव्हती.

१९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यात करावेही आलं. पुढे मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, त्यांच्या वाटण्या झाल्या, आणि जमिनीबरोबर चुलीही वेगळ्या झाल्या. वन बीएचकेत आई, बाप आणि मूल. पूर्वी देवावर भार टाकणं सोपं होतं, कारण देवाच्या वतीने तो उचलणारे काका, चुलत्या, आत्या घरातच होत्या. ती माणसं पांगली आणि प्रश्न उघडा पडला.

त्याला मिळालेलं पहिलं उत्तर नवसाचं. इथल्या आगरी-कोळ्यांची धाव कार्ल्याच्या एकवीरा देवीकडे. मागणं एकच: पोराला वाचा फुटू दे. दुसरं उत्तर प्रारब्धाचं: गेल्या जन्मीचं देणं आहे, फेडायचं. नवसात निदान आशा तरी असते. प्रारब्धात आई आरोपी ठरते आणि खटल्याची कागदपत्रं मागच्या जन्मात असल्याने तिला बचावही करता येत नाही.

आपल्याच परंपरेत तिसरी वाटही होती. तेराव्या शतकात अमरावतीकडच्या रिद्धपुरात गोविंदप्रभू राहत. स्वतःशीच हसावं, कुणाच्याही घरात शिरावं, मनाला येईल ते उचलून खावं, लहान मुलासारखं खेळावं, असं त्यांचं वागणं म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात बारकाईने आलं आहे. गाव त्यांना वेडंही म्हणे आणि देवही मानी. त्यांच्यावर आजचं निदान चिकटवणं हा अडाणीपणा होईल. मात्र एक गाव एका निराळ्या माणसाला बरं न करता, आहे तसं आपल्यात वागवू शकतं, याची नोंद मराठीत सातशे वर्षांपूर्वीच झाली आहे. यात धोका एवढाच की घरातल्या मुलाला आपण संत करून बसतो. संताला दात घासायला शिकवावं लागत नाही, मुलाला लागतं.

मग विज्ञान आलं. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणं मांडली आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, वैद्यकाच्या पुस्तकात आला. पुढची दोन-तीन दशकं मात्र प्रारब्धाचीच नवी आवृत्ती चालली. आईच्या मायेत गारठा, म्हणून मूल असं झालं, हा समज पसरला आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. देवाचा न्याय जाऊन डॉक्टरचा न्याय आला, पिंजऱ्यात आई तीच. हे खोडून काढायला १९६४ सालीच बर्नार्ड रिमलँड उभे राहिले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे बापही. दोष संगोपनात नाही, मेंदूच्या घडणीत आहे, हे हळूहळू पटत गेलं. मग नवसाचं मागणंही बदलणं भाग होतं. जो आजारच नाही, तो बरा कर म्हणून देवीला काय साकडं घालायचं?

कॅनर यांच्या ११ मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. तीन वर्षांचा असताना त्याला एका संस्थेत ठेवलं होतं, पण आईबापांनी परत आणलं. तो शिकला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जग फिरला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. आईबापांनी त्याच्यासाठी विश्वस्त निधी केला होता, त्यावर धाकट्या भावाचं लक्ष असे. शिवाय गाव होतं. त्याच्यावर लिहायला आलेल्या पत्रकारांना गावकऱ्यांनी बजावलं होतं: याला त्रास झाला तर गाठ आमच्याशी आहे. पैसा, भाऊ आणि गाव हे तिन्ही जुळून आलं म्हणून तो निभावला. असं सगळ्यांना लाभत नाही. म्हणूनच ते जुळवावं लागतं.

आपल्याकडे ही जुळवाजुळव पालकांनीच सुरू केली. बदलापूरला मतिमंद मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन ‘आधार’ उभी केली, ती नेमक्या याच प्रश्नापायी: आमच्यानंतर मुलांनी राहायचं कुठे? १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना तेव्हा कळलं. पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. करावेकरांसाठी ती ठाण्याला. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा, आणि तो चुकला तर समिती त्याला काढू शकते. १९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६च्या कायद्यात ते आलं.

करावेतल्या एका आईने यापलीकडचं एक काम काढलंय. दोनशे पानी वहीत ती मुलाचा दिवस लिहून ठेवते. भात आणि कालवण ताटात वेगळं वाढायचं, एकमेकांना लागलं तर तो ताट सारतो. आंघोळीला आधी पाय, मग डोकं. ढोल वाजला की कान झाकतो. तेव्हा हात धरायचा नाही, नुसतं शेजारी उभं राहायचं. दात दुखला तर सांगणार नाही, उशी चावेल. ही वही तिने देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलीय. एकवीरेचा नवस तिने सोडलेला नाही, पण मागणं बदललंय. आता ती वही वाचणारं माणूस मागते.

‘असेल माझा हरी’ म्हणत खाटल्यावर बसणाऱ्यांची आपण टवाळी करतो. या आईचं तसं नाही. तिने वही लिहिली, ठाण्याला अर्ज केला, दिराशी बोलून घेतलं. एवढं केल्यावरही पुष्कळ हाताबाहेरच राहतं: दीर असाच राहील का, पुतण्यांच्या घरात याला जागा असेल का. तिचा देव सुरू होतो तो या हद्दीनंतर. हद्दीच्या अलीकडचं काम तिने देवावर ढकललेलं नाही. आणि हद्दीपलीकडचंही निम्मं गावाकडे येतं. गावदेवीच्या जत्रेत कान झाकून उभ्या असलेल्या पोराला पाहून कुणी हसलं नाही, ढोलाचा ताफा चार पावलं पुढे नेला, दिराला अडचण आली तर शेजारी धावला, म्हणजे तिच्या प्रार्थनेचं काय झालं ते तिला जिवंतपणीच कळेल. एरवी ‘देव बघेल’ हे वाक्य तिच्या तोंडी श्रद्धेचं असतं. तेच आपण तिला ऐकवलं, तर ती अंग काढून घेण्याची सभ्य रीत असते.