कुणी न घालायचा दागिना

मास्टर हा दागिना कुणी अंगावर घालत नाही. तो लग्नात चढत नाही, गहाण पडत नाही, सासूकडून सुनेकडे जात नाही. असतो चांदीचा, पितळेचा, क्वचित जर्मन सिल्व्हरचा. सोन्याचे हजार डाग मात्र त्याच्याच पोटातून निघतात.

रीत थोडक्यात अशी. कारागीर धातूत एक नग घडवतो. तो रबराच्या थरांमध्ये दाबून दीडशे अंशांच्या आसपास तापवतात. रबर पिकले की सुरीने चिरून मास्टर बाहेर काढतात, आत त्याची पोकळी राहते. त्या पोकळीत मेण भरले की मेणाची अंगठी. अशा अंगठ्या एका दांड्यावर चढवून झाड करतात, भोवती प्लास्टर ओततात, भट्टी सातशे अंशांवर नेऊन मेण जाळतात आणि मेणाने सोडलेल्या जागेत सोने ओततात. धातू, रबर, मेण, प्लास्टर, पुन्हा धातू. आकार चार वेळा घर बदलतो आणि प्रत्येक वेळी सामानातले काहीतरी मागे राहते. किती राहील, याचा अंदाज ज्याला आधी करता येतो तो मास्टर करणारा. बाकीचे नुसते सुंदर घडवणारे.

*

नागपूरजवळच्या हिंगण्याला ही गोष्ट परकी वाटू नये. इथल्या एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात, आणि ओतीव लोखंडाशी ज्याचा संबंध आला त्याला पॅटर्न, म्हणजे तिथला मास्टर, काय असतो हे सांगावे लागत नाही. पॅटर्न करणाऱ्याच्या पेटीत एक वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा. बिडासाठी साधारण एका टक्क्याने, पोलादासाठी दोन टक्क्यांनी. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून पट्टीच मुद्दाम चुकीची आखलेली. इतके प्रामाणिक खोटे दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालत असेल, असे मला वाटत नाही.

हिंगणा रोडवरच्या लोकमान्य नगरला मेट्रोत बसलेला माणूस गाडी न बदलता चितारओळीला उतरू शकतो. इकडे लोखंड, तिकडे मातीच्या मूर्ती, आणि तिथून जवळच इतवारीचा सराफा. तेवढ्या प्रवासात वजन टनांवरून मिलिग्रॅमवर येते. आक्रसण्याचा कायदा तोच राहतो.

*

अंगठीचे आपले माप सोपे आहे. आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजा, त्यातून ४० वजा करा, उरला तो नंबर. १४ नंबर म्हणजे ५४ मिलिमीटर. रबर, मेण आणि सोने मिळून पाच टक्के आक्रसले तर ५४ चे जेमतेम ५१ उरतात. मास्टर १४ चा, अंगठी ११ ची. रबराची जात बदलली की टक्का बदलतो, म्हणून जाणता कारागीर आधी रबर कोणते ते विचारतो आणि मग नक्षीकडे वळतो.

लांबीत पाच टक्के गेले की वजनात चौदा जातात. घनमापाचा हा हिशेब शाळेत कंटाळवाणा वाटतो, तराजूपुढे वाटत नाही.

उलट बाजूने बघा. ५४ मिलिमीटर घेराची, ४ मिलिमीटर रुंदीची पट्टी. मास्टरमध्ये तिची जाडी मिलिमीटरच्या एक दशांशाने जास्त राहिली. बोटाला कळणार नाही, डोळ्याला दिसणार नाही. बावीस कॅरेटमध्ये त्या जाडीचे सोने भरते ०.३८ ग्रॅम. हजार अंगठ्या ओतल्या की ३८० ग्रॅम, म्हणजे बत्तीस तोळ्यांच्या वर. ते सोने कुणी चोरलेले नसते. ते कानशीच्या शेवटच्या चार हातांनी निघायचे राहिलेले असते.

चूक हाताने करणाऱ्याची चूक एकाच नगात राहते. मास्टरमधली चूक इमानदारीने सगळ्यांत उतरते.

*

मास्टर तपासताना नजर पहिल्यांदा नक्षीवर जाते. ती आवरावी लागते.

आधी स्प्रू पाहायचा, म्हणजे ज्या दांडीतून पुढे सोने आत शिरणार ती. ती सगळ्यांत जाड भागाला जोडलेली हवी. बारीक भागातून जाड भागाला सोने पाजायला गेले तर बारीक भाग आधी गोठतो, वाट बंद होते, आणि मागचा जाड भाग थंड होताना उपाशी राहतो. पॉलिश करताना तिथे बारीक छिद्रे उघडी पडतात. तोवर अंगठी निम्मी तयार झालेली असते.

मग मास्टर उलटा करायचा. पुढची बाजू सगळेच घासतात, माणूस कळतो तो पाठीवरून. स्प्रिंग गेजचे टोक एकेका जागी टेकवत जाडी घ्यायची, डाव्या खांद्याची आणि उजव्या खांद्याची. नख कडेवरून फिरवायचे. दहा पट भिंगाखाली टाके बघायचे. टाक्यात सुईच्या टोकाएवढा खड्डा असेल तर मास्टरवर तो फक्त खड्डा असतो. रबरात त्याचा कोंब होतो, मेणात पुन्हा खड्डा आणि प्लास्टरमध्ये पुन्हा कोंब. वितळलेले सोने धावत आले की तो कोंब मोडतो आणि सोन्याबरोबर वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी रुततो. दोष सापडतो एका जागी, जन्मलेला असतो दुसऱ्याच जागी. तपासनिसाला आजार आणि त्याचे मूळ वेगवेगळे बघता आले नाही तर त्याने भिंग खाली ठेवावे.

आतले कोपरेही असेच. कोपरा काटकोनात धारदार ठेवला की दिसतो फार देखणा, पण प्लास्टरमध्ये त्याची पातळ धार होते आणि सोन्याच्या लोंढ्यात ती टिकत नाही. तिथे किंचित गोलाई द्यावी लागते. डोरल्याच्या कडेने रव्यांची ओळ असेल तर दोन रवे जिथे टेकतात त्या फटीत रबर अडकते आणि मेण फाटते, म्हणून फट थोडी बुजवावी लागते. बाहेरच्या कडांचे उलटे. शेवटचे पॉलिश कडा खाणार हे ठरलेलेच, म्हणून मास्टरवर त्या गरजेपेक्षा जास्त कडक ठेवायच्या. कोरीव रेषा शोभेल त्याहून खोल. खड्यांच्या काट्यांना जडाईवाल्याच्या कानशीपुरते जास्तीचे अंग.

एवढे सगळे केले की मास्टर जरासा अंगापिंडाने जाड, रेषांनी रागीट दिसतो. तसाच दिसायला हवा. पाहताक्षणी मोहात पाडणारा मास्टर मला संशयास्पद वाटतो. त्याने आपले सगळे सौंदर्य स्वतःवरच खर्च केलेले असते.

चकाकीला फसू नये, ती कामाची असते. साध्या रबरात गंधक असते, ते चांदीला काळे करते, म्हणून मास्टरवर ऱ्होडियमचा किंवा निकेलचा मुलामा चढवतात. मुलाम्याखाली ओरखडा लपत नाही, उलट उठून दिसतो.

*

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, मानसोल्लास हा ग्रंथ रचवला. त्यात मेणावरून मूर्ती ओतण्याची कृती आहे. मेण तोलून घ्यावे आणि चांदी त्याच्या बारा पट, सोने सोळा पट घ्यावे, असा हिशेब दिला आहे. आजचा कास्टिंगवाला बावीस कॅरेटला साधारण अठरा पट धरतो. आकड्यांत फरक आहे, पण विचारात तसूभरही नाही. सोन्याला हात लावण्याआधी सोन्याचे वजन माहीत हवे.

त्याही आधी, ताम्रपाषाण काळातले दायमाबाद. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १९७४ साली सापडलेला तो रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंवर भरणारे. त्यांना मास्टर नव्हता. मेणातून ओतलेली जुनी मूर्ती एकदाच जन्मते, मेण जळले की परतीची वाट बंद. मास्टर आणि रबर आले ते या एकदाच्या जन्माला कंटाळून. दागिन्यांसाठी रबरी साच्याचे पेटंट घेणाऱ्या युंगरसन नावाच्या गृहस्थाला १९४९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रिकाम्या हाताने परत पाठवले. यातले काहीच नवे नाही, असे न्यायालयाचे मत पडले. नक्कल करण्याच्या पद्धतीवर मालकी मागायची आणि तीच नक्कल ठरायची, यात थोडा विनोद आहेच.

*

हॉलमार्क सोने किती शुद्ध ते सांगतो. २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. भिंगाखाली धरले की कस वाचता येतो. घाट कुणाच्या हातचा, हे कुठेच कोरलेले नसते. डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली घाटाची नोंदणी होते, दहा वर्षांची, वाढवून पंधरा. ती नोंद बहुधा पेढीच्या नावावर. कारागिराची मजुरी एकदा होते आणि मास्टर नंबर लावलेल्या पुडीत जातो. रबर भरड झाले, फाटले, की पुडी उघडायची, नवे रबर करायचे. कारागीर गाव सोडून गेला तरी त्याचा हात पेढीत नोकरी करत राहतो.

यावर कुणी रडू नये. निनावी राहणे या कामाच्या अटीतच आहे. पण ज्या धंद्यात सोन्याच्या हजाराव्या भागाला शिक्का आहे, तिथे आकाराच्या मालकाला साधी खूणही नसावी, हे मला अजून पटत नाही.

*

नक्कल करणाऱ्याची युक्ती जुनी. दुकानातून एक नग रोखीने विकत घ्यायचा, तोच रबरात दाबायचा, तोच मास्टर. पण आक्रसण्याचा कायदा त्यालाही सोडत नाही. नकलेची नक्कल आणखी लहान, तिसरी त्याहून. १४ ची ११, ११ ची नऊ. चोरलेल्या घाटाचे वय नुसत्या मापावरून सांगता यायचे.

आता यायचे नाही. स्कॅनर आला, संगणक आला. घेतलेला नग पडद्यावर पाच टक्क्यांनी फुगवायचा, रेझिनमध्ये छापायचा, चांदीत ओतायचा, की माप भरून निघाले. खरे काम करणारेही आज बहुतेक याच वाटेने जातात, पुढे थरांच्या रेघा कानशीने काढायला हात लागतो तो लागतोच. फुगवून आकार मोठा होतो, झिजलेली कड मात्र परत येत नाही. तीही त्याच प्रमाणात गोल होऊन मोठी होते. म्हणून शंका आली की जाणता माणूस आता व्हर्नियर मागत नाही. भिंग घेतो आणि काट्याच्या बुडाशी, जिथे पॉलिशचा बफ कधी पोचत नाही, तिथली रेघ बघतो. तिथेही गोलाई दिसली की तो नग मास्टरपासून किती पिढ्या लांब आहे हे तो बोटांवर मोजतो आणि भाव त्याप्रमाणे सांगतो.