एका तासाचे मोल

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगापुढे मांडला. पुढे शंभराहून अधिक वर्षे गावोगावच्या दवाखान्यांत निदानाची भिस्त एकाच रीतीवर राहिली. बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचा. जंतू थोडे असले की ते नजरेतून सुटत. ते वाढवून खात्री करायची तर आठवडे जात, आणि तोवर रुग्णाच्या घरातल्यांना लागण होण्याची भीती असे.

ही कोंडी फोडणारे एक साधन गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे आहे: ट्रूनॅट. बेडक्यातून डीएनए वेगळा काढतात आणि त्याचे काही मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाहूनही कमी, चिमुकल्या चिपवर सोडतात. एवढासा द्रव तापतोही लवकर आणि निवतोही लवकर. त्यामुळे पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची, आवर्तने भराभर उरकतात आणि तासाभरात निकाल हाती येतो. यंत्र बॅटरीवर चालते. जंतू सापडलाच, तर रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे औषध त्याच्यावर लागू पडेल का, हेही त्याच डीएनएवरून कळते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीची शिफारस केली.

मात्र लहान नमुन्याला चूक परवडत नाही. उदाहरणार्थ, बोट टोचून काढलेल्या रक्तात ऊतींमधला द्रव मिसळतो; एका थेंबातला आकडा दुसऱ्या थेंबाशी जुळेलच असे नाही. अमेरिकेतल्या थेरानॉस या रक्तचाचणी कंपनीने अशाच काही थेंबांत असंख्य चाचण्यांची हमी दिली. २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने तिचे पितळ उघडे पाडले आणि २०२२ मध्ये संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या. ट्रूनॅटच्या मागे स्वतंत्र पडताळणी उभी आहे. खरा फरक तिथे आहे.

तरीही पडताळणीने अर्धेच काम होते. चिपचा साठा संपला, तंत्रज्ञाची जागा रिकामी राहिली किंवा निकाल नोंदवहीत पडून राहिला, तर यंत्राने वाचवलेला वेळ व्यवस्था गिळून टाकते. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला पुन्हा हेलपाटा पडतो, आणि काही जण परत येतच नाहीत. तालुक्याला यंत्र आले, याचा आनंद जरूर मानावा. पण आपल्या आरोग्य केंद्राला एवढे विचारत राहावे: बेडका दिल्यापासून पहिली गोळी मिळेपर्यंत किती दिवस गेले?