चारच एस

१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत लाखो लोकांचं काम सुटलं. न्यूयॉर्कचा वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स त्यांतलाच एक. रिकामं बसण्यापेक्षा त्यानं एक खेळ रचायला घेतला. हाती येतील त्या अक्षरांतून इंग्रजी शब्द जुळवायचे, एवढीच कल्पना. पण कोणतं अक्षर किती ठेवायचं? बट्सनं वर्तमानपत्रांची पानं पुढ्यात घेतली आणि एकेक अक्षर मोजलं. ई सगळ्यांत जास्त भरला, म्हणून खेळाच्या १०० सोंगट्यांत ई झाले १२. क्वचित भेटणारे क्यू आणि झेड एकेकच, पण १० गुणांचे.

एसपाशी मात्र त्यानं ही मोजदाद बाजूला ठेवली. छापील मजकुरात एस भरपूर असतो. पण खेळातही तो भरपूर मिळाला, तर जो तो आयत्या शब्दाला एस चिकटवून अनेकवचन करत सुटेल. मग डोकं कोण चालवणार? म्हणून एस दिले फक्त ४. या खेळाचा खरा जीव मला त्या हात राखून देण्यात दिसतो.

मोठ्या कंपन्यांनी त्याला नकार दिला. पुढे १९४८ साली जेम्स ब्रुनोनं खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं आणि काही वर्षांत तो घरोघर पोचला.

पुण्यातल्या एका घरी सुट्टीत असाच डाव मांडला होता. पहिलीच खेळी भाचीची. पट्टीवर टी, आर, ए, आय, एन, ई आणि एस.

"ट्रेन! त्याला एस लावला की ट्रेन्स!" तिनं सोंगट्या उचलल्यासुद्धा.

आत्यानं शब्द सांगितला नाही. एवढंच विचारलं, "आणि ई एकटाच मागं राहिला का गं?"

भाची हिरमुसली. १२-१४ गुण अगदी हातात होते. तरी तिनं सोंगट्या पट्टीवर परत लावल्या, पुढच्या मागं, मागच्या पुढं करून पाहिल्या. आरनंतर ई ठेवला आणि ती ओरडलीच, "रिटेन्स!" सातही सोंगट्या एकदम लागल्या की ५० गुण जादा, म्हणजे बेरीज साठाच्या वर.

"लावू आता?"

"लाव की. मला अजून दोन दिसतायत."

भाचीचा हात थांबला. बऱ्याच वेळानं नॅस्टियर सापडला, मग डोळ्यांच्या पडद्यांचा रेटिनाज. गुण साधारण तेवढेच मिळणार होते, हे तिला ठाऊक होतं. तरी ती चौथा शब्द शोधू लागली.