रित्या रात्रींचा हिशेब

ज्या जागरणातून काहीच हाती लागले नाही, ते व्यर्थ गेले असे म्हणावे काय? श्रद्धेच्या वाटेवर चालणाऱ्याला हा प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. त्याचा विचार करताना मला ऑस्ट्रेलियातील एका पाळकाचे उदाहरण आठवते.

रेव्हरंड रॉबर्ट इव्हान्स हे तेथील युनायटिंग चर्चचे पाळक. पंथ निराळा असला तरी रात्र रात्र जागण्याचा त्यांचा वसा एखाद्या मठवासीयाला शोभावा असा होता. २०२२ साली ते निवर्तले, तोवर दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी चाळीसहून अधिक अतिनवतारे शोधले होते. नाव ‘नवतारा’ असले, तरी तो असतो एखाद्या ताऱ्याचा अंतकाळ. प्रचंड ताऱ्याचे इंधन सरले की गाभा ढासळतो, बाहेरचे थर उधळले जातात आणि तो स्फोट काही दिवस अख्ख्या दीर्घिकेच्या तेजाशी स्पर्धा करतो. मात्र एका दीर्घिकेत शतकभरात सरासरी असे एकदोनच स्फोट होतात. म्हणून इव्हान्स शेकडो दीर्घिका पुनःपुन्हा पाहत. त्यांच्या परिसरातील ताऱ्यांची मांडणी त्यांना मुखोद्गत होती; पूर्वी नसलेला एखादा ठिपका ते नकाशा न उघडता ओळखीत. बहुतेक वेळा तसा ठिपका नसेच. तेही ते नोंदवून ठेवीत.

या रित्या नोंदींचे पुढे काय झाले? अतिनवतारे किती काळाने प्रकटतात याचा हिशेब सिडनी व्हॅन डेन बर्ग आणि रॉबर्ट मॅक्लुअर या खगोलशास्त्रज्ञांनी इव्हान्स यांच्यासह १९८७ साली मांडला. त्यासाठी किती सापडले एवढे कळून भागत नव्हते; किती वेळा पाहूनही काही दिसले नाही, हेही हवे होते. निष्फळ वाटलेली प्रत्येक रात्र त्या गणितात जमेस धरली गेली.

आता हे काम प्रामुख्याने स्वयंचलित दुर्बिणी करतात. नव्या छायाचित्रातून जुने वजा केले की नवीन तेवढे उरते. १ जुलै २०२५ रोजी चिलीमधील ॲटलास दुर्बिणीला एक धूमकेतू आढळला. सूर्यमालेबाहेरून आलेला हा तिसराच ज्ञात पाहुणा. ज्ञान वाढले, याचा आनंदच मानावा.

तरीही प्रश्न पुरता सुटत नाही. इव्हान्स यांच्या रात्री निदान गणितात आल्या. आपल्या घरांतील कित्येक जागरणांची बेरीज कोणीच करीत नाही. स्मृती हरपलेल्या आईच्या उशाशी मुलगी वर्षानुवर्षे बसते. आई तिला ओळखत नाही. रोजची नोंद एकच: काही बदल नाही. येणारेजाणारे हळहळून विचारतात, याचा उपयोग काय?

उपयोगाच्या मापाने या प्रश्नाला उत्तर नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ताऱ्याकडे माणसाऐवजी यंत्राने पाहिले म्हणून ताऱ्याचे काही उणे होत नाही. आईचे होते. मुलगी काही शोधण्यासाठी तेथे बसलेली नसते. आई आहे, म्हणून ती बसते. देवाने निर्मिलेल्या माणसाचे मोल त्याच्या स्मरणशक्तीवर ठरत नाही. शिवाय रोज पाहणाऱ्यालाच श्वासातला बारीक फरक कळतो, कोरडे ओठ दिसतात.

गेथशेमनी बागेत प्रभूने आपल्या शिष्यांकडे फार काही मागितले नव्हते. घटकाभर आपल्यासंगे जागे राहा, एवढेच. त्यांच्या जागण्याने क्रूस टळणार नव्हता. तरीही त्याने ते मागितले, आणि ते झोपी गेलेले पाहून त्याला खेद झाला. आपल्या धर्मग्रामात आज रात्री जे कोणी अशा उशाशी बसले असतील, त्यांनी हे ध्यानी ठेवावे. आणि ज्यांना आज झोप मिळणार आहे, त्यांनी उद्या जाऊन त्यांची एक रात्र आपल्याकडे घ्यावी.