चौकट आणि भिंत

वर्ध्याच्या हार्डवेअरच्या दुकानात फेव्हिकॉलचा डबा आणि सिलिकॉनची नळी शेजारी शेजारी असतात. गिऱ्हाईक विचारते, यातले पक्के कोणते? लावायचे कुठे, हे क्वचितच कोणी विचारतो.

एकाने दोन वस्तूंची एकच वस्तू होते. दुसऱ्याला त्या दोनच राहणार हे मान्य असते; मधून पाणी जाऊ नये, एवढेच ते पाहते. माणसाला पहिल्याचे आकर्षण जास्त.

१९५९ पासून बाजारात असलेल्या फेव्हिकॉलची खूण म्हणजे विरुद्ध दिशांना ओढणारे दोन हत्ती. जोड सुटत नाही. चांगली चिकटवलेली फळी जोर लावून तोडली, तर बहुधा जोड शाबूत राहतो आणि शेजारचे लाकूड फाटते. सुतार ही डिंकाची तारीफ समजतो. घट्ट कुटुंबांतही तुटतो तो जोडाशेजारचा माणूस.

इथला मे ४५ अंशांच्या पुढे जातो. मागोमाग पाऊस येतो. सागाची चौकट पावसात फुगते, कोरड्या दिवसांत आकसते. विटांची भिंत तिच्या तालावर चालत नाही. दोघींमधल्या फटीत व्हाइट सिमेंट भरतात. पुढच्या उन्हाळ्यात केसाएवढी रेघ उमटते. मिस्त्री अधिक सिमेंट भरतो. रेघ जरा बाजूला सरकते. एका घरातली अशी एक रेघ बरीच वर्षे पाहण्यात होती. त्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

अशा फटीत भरायचे सिलिकॉनसारखे चांगले सीलंट फटीच्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत ताण सोसते. अट एकच: त्याने समोरासमोरच्या दोन बाजू धराव्यात, तळ धरू नये. तिन्हीकडे चिकटले की ताणायला जागा उरत नाही आणि ते फाटते. म्हणून खोल फटीत आधी फोमची दोरी दाबतात. मध्यस्थाचेही असेच आहे. त्याला स्वतःचा तळ सापडला की मध्यस्थी संपते.

सिलिकॉनवर रंग बसत नाही. ॲक्रिलिकवर बसतो, पण ते सहसा कमी ताणते. फट दिसूच नये असा आग्रह असेल, तर थोडी लवचीकता सोडावी लागते. बहुतेक जण आनंदाने सोडतात.

वर्ध्याजवळच सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. त्यांची बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंची. मातीच्या भिंतीला तडे जातात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. शेणमातीने लिंपतात, पुन्हा लिंपावे लागेल हे गृहीतच असते. तिथे उभे राहून मातीचे कौतुक करणारे आपण बहुतेक स्लॅबखाली राहतो आणि एकदाच भरून कायमचे सुटू पाहतो.

उघडलेली नळी तोंडाशी घट्ट होत जाते. मिस्त्री तिच्यात खिळा खोचून ठेवतो. घरमालक ती विसरतो. पुढच्या वर्षी रेघ दिसली की नवी नळी आणायचा कंटाळा करतो आणि डब्याच्या बुडाशी उरलेला फेव्हिकॉल बोटाने फटीत सारतो.